वळणाची भिंत

फौजेत माणूस सगळ्यात आधी सरळ रेषा शिकतो. खडकवासल्याला एनडीएत दाखल झाल्यावर ‘दाहिने सज’ हा हुकूम इतक्या वेळा कानावर पडतो की झोपेतही मान उजवीकडे वळते. बूट एका रेषेत, खाटा एका रेषेत, ब्लँकेटच्या घडीची कडसुद्धा शेजारच्या खाटेच्या घडीशी जुळलेली. पुढे कुठल्याही छावणीत जा, रस्त्याच्या दोन्ही कडांना तिरक्या पुरलेल्या विटा दिसतात. एक गेरूची, एक चुन्याची, आणि सगळ्या दोरीत. आपल्यापैकी अनेकांनी त्या रंगवूनही घेतल्या आहेत.

पण हाच फौजी लढायच्या तयारीने जमीन खणू लागला की सरळ खणत नाही. खंदक दर काही पावलांवर वळवावा लागतो. सरळ खंदकाच्या टोकाशी शत्रूचा एक मशीनगनवाला पोचला, तर तो अख्खी लांबी झोडपून काढतो. मध्ये एक गोळा पडला, तर त्याच्या किरचा दोन्ही बाजूंना लांबवर जातात. वळण असलं की नुकसान त्या वळणापुरतं राहतं. पहिल्या महायुद्धाचे खंदक विमानातून काढलेल्या फोटोंत दातेरी दिसतात ते याच कारणाने. म्हणजे सरळ रेषा परेडसाठी आणि वळण जिवासाठी, हे आपल्याला ठाऊक असतं. फक्त भिंतीच्या बाबतीत आपण ते विसरतो.

मला त्याची आठवण तिरुवनंतपुरमच्या पोस्टिंगमध्ये झाली. पांगोडच्या छावणीतून सुट्टीच्या दिवशी शहर पायी पालथं घालायची सवय लावून घेतली होती. एका जुन्या वस्तीत एका घराचं कुंपण दिसलं. उघड्या विटांची भिंत, गिलावा नाही, आणि ती नागमोडी. एकदा रस्त्याकडे फुगलेली, एकदा आत गेलेली, पुन्हा बाहेर. जवळ जाऊन हाताने जाडी मोजली. फक्त साडेचार इंच, म्हणजे एका विटेची रुंदी. छातीएवढी उंच, कुठे खांब नाही, आणि केरळचा पाऊस झेलत ताठ उभी. गवंड्याची हौस असेल असं आधी वाटलं. खोदून पाहिलं तेव्हा कळलं की या वळणांना मोठा इतिहास आहे. तो आज सांगतो.

आधी ती उभी का राहते ते पाहू. पत्त्यांच्या जोडातला एक पत्ता टेबलावर उभा करा. पडेल. तोच जरा वाकवून कमान देऊन उभा करा. राहील. भिंतीचं तसंच आहे. सरळ, सुटी, साडेचार इंची भिंत वाऱ्याच्या जोराने किंवा कुणी रेलल्याने तळाच्या कडेवर उलटते, कारण तिचा पाया जेमतेम साडेचार इंच रुंद. म्हणून आपण नऊ इंची बांधतो, किंवा दर आठ-दहा फुटांवर खांब काढतो. लाटेच्या भिंतीत प्रत्येक फुगवटा पुढच्या भागाचा खांब होतो. भिंत साडेचार इंचांची, पण ती उलटायची तर पूर्ण लाटेच्या रुंदीवर मात करून उलटावी लागते.

आपल्या फौजी मित्रांना याचं दुसरं उदाहरण द्यायला नको. पन्हाळी पत्रा! सपाट पातळ पत्रा हाताने दुमडतो, त्यालाच लाटा दिल्या की त्याखाली आख्खी प्लाटून झोपते. लंडनच्या गोदीतले अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे १९१६ मध्ये ब्रिटिश फौजेच्या रॉयल इंजिनियर्समधल्या मेजर पीटर निसेन यांनी तोच पत्रा अर्धगोल वाकवून निसेन हट बनवली. विटेची लाट या पत्र्याहून जुनी.

आता हिशेब. १०० फूट लांब आणि ५ फूट उंच भिंत धरू. आपली वीट सांध्यासकट नऊ बाय साडेचार बाय तीन इंच धरली, तर नऊ इंची सरळ भिंतीला साधारण ५,३०० विटा लागतात. लाटेची भिंत घ्या: दर १० फुटांना एक पूर्ण लाट, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सुमारे १.६ फूट झोल. वळणांमुळे तिची खरी लांबी १०० ची १२२ फूट होते. पण जाडी निम्मी, म्हणून विटा लागतात सुमारे ३,२५०. म्हणजे २,००० पेक्षा जास्त विटा वाचतात. लाटा अगदी पूर्ण अर्धवर्तुळाच्या काढल्या, तर लांबी १५७ फूट होते आणि विटा ४,२०० च्या आसपास जातात. तरीही नऊ इंचीपेक्षा कमीच.

या भिंतींचं माहेर म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडचा सफोक परगणा. तिथे त्यांना ‘क्रिंकल-क्रँकल’ म्हणतात. नागमोडीला आपण ‘वेडंवाकडं’ म्हणतो तसाच हा शब्द, उच्चारातच वळणं. ईस्टन गावातली भिंत सगळ्यांत लांब म्हणून ओळखली जाते, ब्रॅमफील्डची फोटोंमुळे प्रसिद्ध आहे. कल्पना आली कुठून, तर बहुतेक जण समुद्रापलीकडच्या हॉलंडकडे बोट दाखवतात. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच अभियंत्याच्या हाताखाली पूर्व इंग्लंडमधल्या पाणथळ जमिनी कोरड्या करण्याचं मोठं काम झालं. डच माणसं आली, त्यांच्याबरोबर त्यांची विटेची कला आली. डच भाषेत अशा भिंतीला ‘स्लांगेनम्यूर’ म्हणतात, शब्दशः ‘सापभिंत’. मुळाचं मूळ शोधायचं तर प्राचीन इजिप्तपर्यंत जाता येतं. मझघूना इथल्या एका पिरॅमिडभोवती कच्च्या विटांची लाटदार भिंत होती.

इंग्लंडमध्ये मात्र ती मुख्यतः बागेची भिंत झाली. ती पूर्व-पश्चिम बांधायची, म्हणजे एक अंग दक्षिणेला येतं. त्या अक्षांशावर ऊन दक्षिणेकडूनच मिळतं. दिवसभर वीट तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. आत गेलेल्या वळणांत वारा कमी, म्हणून पीच, अंजीर, द्राक्षं यांसारखी उबेची झाडं त्या कोनाड्यांत लावायची. थंड देशात फळाला ऊबदार कुशी मिळावी, ही त्यामागची युक्ती.

या भिंतींच्या गोष्टीत एक कर हमखास येतो. १७८४ साली ब्रिटिश सरकारने विटांवर कर बसवला. अमेरिकेतल्या वसाहती हातातून गेल्या होत्या आणि त्या युद्धाचा खर्च भरून काढायचा होता. कर विटांच्या संख्येवर होता, म्हणून भट्टीवाल्यांनी विटाच मोठ्या करायला घेतल्या. सरकारने मग विटेच्या आकारमानावर मर्यादा घातली. हा उंदीर-मांजराचा खेळ १८५० मध्ये कर रद्द होईपर्यंत चालला. कमी विटांची भिंत त्या काळात आणखी लोकांना पटली असेल, पण फळझाडांचं कारण पाहता सगळं श्रेय कराला देता येणार नाही.

एक भिंत मला खास आपल्या वाचकांसाठी सांगायची आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टन नावाचं गाव आहे. तिथली जुनी नागमोडी भिंत हॅनोव्हरच्या निर्वासित सैनिकांनी बांधली, असं सांगितलं जातं. हॅनोव्हर हे जर्मन राज्य, पण त्याचा राजा आणि इंग्लंडचा राजा एकच, तिसरा जॉर्ज. १८०३ मध्ये नेपोलियनच्या फौजेने हॅनोव्हर घेतलं आणि तिथलं सैन्य बरखास्त झालं. अनेक सैनिक समुद्र ओलांडून इंग्लंडला आले आणि त्यांतून ‘किंग्ज जर्मन लीजन’ उभी राहिली. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर ला हाये सँत हा शेतवाडा दारूगोळा संपेपर्यंत लढवला, तो मेजर बेअरिंग यांच्या हाताखाली याच लीजनच्या जवानांनी. घर शत्रूच्या ताब्यात, परका देश, पुढच्या हुकमाची वाट, आणि तोवर हाताला काम म्हणून कुणाच्या तरी बागेची भिंत. ज्यांनी फील्ड एरियात रिकाम्या वेळी मंदिराचा ओटा किंवा व्हॉलीबॉलचं मैदान बांधलं आहे, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

इथून गोष्ट अमेरिकेला जाते, आणि तिथे ती जड होते.

ज्या युद्धाच्या खर्चापोटी इंग्लंडने विटांवर कर बसवला, त्याच युद्धाचा जाहीरनामा लिहिणारा माणूस म्हणजे थॉमस जेफरसन. अध्यक्षपद भोगून झाल्यावर म्हातारपणी त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठ उभारलं. १८१९ मध्ये स्थापना, १८२५ मध्ये वर्ग सुरू. मधल्या हिरवळीच्या दोन्ही बाजूंना प्राध्यापकांच्या दहा हवेल्या आणि त्यांच्या मागे बागा. त्या बागांभोवती जेफरसननी साडेचार इंची नागमोडी भिंती आखल्या. सरळ भिंतीला किती विटा आणि लाटेच्या भिंतीला किती, याचं त्यांनी केलेलं गणित आजही पाहायला मिळतं. ही भिंत त्यांनीच शोधली असं अनेक अमेरिकन मानतात. शोध त्यांचा नव्हता, हे आपण पाहिलंच. गणित मात्र बरोबर होतं.

त्या गणितात विटा मोजल्या आहेत. विटा पाडणारे हात मोजलेले नाहीत. विद्यापीठासाठी माती खणणारे, चिखल तुडवणारे, साच्यात विटा घालणारे, भट्टी लावणारे आणि भिंती चढवणारे बरेचसे लोक गुलाम होते. स्वतः जेफरसन यांच्या मालकीचे आयुष्यभरात मिळून ६०० हून अधिक गुलाम होते. ‘सर्व माणसं समान जन्मतात’ हे ज्याच्या लेखणीतून उतरलं, त्याच माणसाची ही वही. आणि भिंतींच्या आत काय होतं? आज तिथे फुलझाडं आणि बाकं आहेत, पण त्या काळी ती मागच्या अंगणातली कामाची जागा होती. स्वयंपाक, धुणं, लाकडं, भाजीपाला, आणि ते सगळं करणाऱ्या गुलामांच्या खोल्या. हिरवळीवरून फिरणाऱ्या पाहुण्याला यातलं काही दिसू नये, हेही त्या सुंदर भिंतीचं काम होतं.

आज दिसणाऱ्या भिंती विसाव्या शतकाच्या मध्याला पुन्हा उभारलेल्या आहेत. जेफरसन यांचं घर माँटिसेलो आणि हे विद्यापीठ यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १८१७ ते १८६५ या काळात तिथे राबलेल्या सुमारे ४,००० गुलामांचं स्मारक पूर्ण व्हायला मात्र २०२० साल उजाडलं.

हे वाचून झाल्यावर माझं त्या भिंतीवरचं प्रेम कमी झालं नाही, पण काटकसर या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. कुणी ‘बचत केली’ म्हटलं की विचारावं: कशाची, आणि कुणाच्या जिवावर? फौजेतही हा प्रश्न उपयोगी पडतो. फटीग पार्टीचे घाम गाळलेले तास कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतात.

म्हणून तिरुवनंतपुरमचा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. लॉरी बेकर. जन्म १९१७, बर्मिंगहॅमचा. शिक्षणाने आर्किटेक्ट, पंथाने क्वेकर, म्हणजे शस्त्र हाती न धरणारा. दुसऱ्या महायुद्धात तो बंदूक न घेता रुग्णसेवेच्या पथकातून चीनला गेला. मी गणवेशातला माणूस आहे, माझा मार्ग वेगळा आहे. पण गोळीबाराच्या प्रदेशात जखमींची शुश्रूषा करणाऱ्याला भेकड म्हणायची माझी छाती नाही.

चीनहून परत जाताना बोटीची वाट पाहत बेकर मुंबईत अडकले आणि तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. गावातलं घर आसपास पाच मैलांत मिळणाऱ्या सामानाने बांधावं, हा गांधीजींचा विचार बेकरांनी आयुष्यभर सांगितला आणि पाळला. १९४८ मध्ये त्यांनी मूळच्या केरळच्या डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न केलं. दोघं कुमाऊँमधल्या पिथौरागढला गेले आणि दीड दशक तिथे दवाखाना चालवला. पिथौरागढला माझीही एक पोस्टिंग झाली आहे. तिथली दगड-मातीची, उतारात रुजलेली जुनी घरं पाहिली की बेकर काय शिकले ते समजतं. १९६३ नंतर ते केरळला आले, १९८९ मध्ये भारताचे नागरिक झाले, १९९० मध्ये पद्मश्री मिळाली आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरमलाच गेले.

उळ्ळूरचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे त्यांचं मोठं काम. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते उभं राहिलं. उघड्या विटा, वळणाऱ्या भिंती, खिडक्यांच्या जागी विटांच्या जाळ्या, आणि झाडं तोडण्याऐवजी त्यांच्या कडेने निघालेलं बांधकाम. बेकरांनी स्वतः चित्रं काढून छोट्या पुस्तिका लिहिल्या. साडेचार इंची भिंतीला घड्या आणि वळणं दिली की ती समर्थ होते, हे ते साध्या गवंड्याला कळेल असं सांगत.

बेकरांच्या वहीत विटेबरोबर तिला लागणारं सरपण होतं. गिलावा आणि सिमेंट होतं. आणि गवंड्याची मजुरीही होती, पण ती वाचवायच्या रकान्यात नव्हती. कारखान्याच्या मालावरचा पैसा वाचला तर तो कारागिराच्या हातात जावा, असं त्यांचं म्हणणं. जेफरसन आणि बेकर यांची भिंत एकच, भूमितीही एकच. फरक रकान्यांचा.

हे सगळं डोक्यात असताना आमच्या युनिटमधून निवृत्त झालेल्या एका सुभेदार साहेबांचा फोन आला. खटाव तालुक्यात घर बांधलंय, मागे पेरू-डाळिंबाची छोटी बाग केलीय. “साहेब, कंपाउंडला नऊ इंची घेऊ का साडेचार? पेन्शनीतला माणूस, विटांचा भाव ऐकून घाम फुटला.” मी म्हटलं, “सुभेदार साहेब, तिसरी एक भिंत आहे,” आणि वरचा हिशेब सांगितला.

ते जन्मभर फौजेत राहिलेले. लगेच पटवून घेतील तर सुभेदार कसले! पहिला प्रश्न: “जागा किती खाणार?” अचूक प्रश्न. आपल्या १०० फुटांच्या भिंतीचा पट्टा साडेतीन फुटांहून जास्त रुंद होतो. सरळ भिंतीपेक्षा साधारण पाव गुंठा जमीन जास्त जाते. सफोकच्या जमीनदाराला पाव गुंठ्याचं काही नव्हतं, आपल्याकडे त्यावरून भावाभावांत कोर्टकचेरी होते. दुसरा प्रश्न: “गवंडी दोरी कशी लावणार?” तेही खरं. ओळंबा चालतो, दोरी चालत नाही. जमिनीवर चुन्याने लाट आखून, लाकडी फर्मा करून, प्रत्येक थर त्यावर तपासावा लागतो. वेळ जातो, मजुरी वाढते. पायाही त्याच वळणाने खणायचा, आणि काळ्या मातीत तो किती खोल घ्यायचा हे तिथल्या जाणकार इंजिनियरला दाखवूनच ठरवायचं. अमेरिकेतल्या वीट उद्योगाच्या तांत्रिक पुस्तिकांत एक ढोबळ नियम आहे: लाटेचा झोल भिंतीच्या उंचीच्या निम्म्याहून कमी नसावा. पाच फूट भिंतीला अडीच फूट झोल हवाच. नुसती शोभेची हलकी वळणं काढली तर ती भिंत पडेल. शिवाय दोन्ही टोकं खांबाला बांधायची, मोकळी सोडायची नाहीत.

तिसरं मी विचारलं. विटा कुठून घेताय? गावाजवळच्या भट्टीवरून, ते म्हणाले. आपल्याकडच्या भट्ट्यांवर दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं येतात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत राबायचं. खोपीत राहायचं, आणि पोरांची शाळा बुडते. दोन हजार विटा वाचल्या की त्या माणसांचं भलं होतं असं मी म्हणणार नाही, कारण काम कमी झालं तर त्यांचीच मजुरी जाते. पण जी वीट घेतो ती कुणी पाडली हे भट्टीवर उभं राहून एकदा पाहावं, आणि भाव करताना ते लक्षात असावं. एवढं तर आपण करू शकतो. सुभेदार साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या आईनं केलंय ते काम. मला ठाऊक आहे.”

शेवटी त्यांनी फौजी तोडगा काढला. रस्त्याकडची आणि भावकीच्या हद्दीची भिंत नऊ इंची, सरळ, वादाला जागा नको. मागे बागेच्या आणि घराच्या मध्ये, जिथे दोन्हीकडची जमीन आपलीच, तिथे ६० फूट लाटेची. तिकडे पाव गुंठ्याचा प्रश्नच येत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या वळणांत रोप लावता येतं. आपल्या उन्हात फळाला ऊब नको, सावली हवी, म्हणून त्यांनी उत्तरेकडच्या कोनाड्यांत कढीपत्ता आणि अळू लावलाय.

गेल्या महिन्यात फोटो आला. तिसऱ्या लाटेत गवंड्याचा हात थोडा चुकलाय, ते दिसतं. पावसाळा झालाय, भिंत उभी आहे. सुभेदार साहेबांनी खाली लिहिलं होतं, “गाव बघायला येतंय. गवंड्याला चार दिवसांची मजुरी जास्त दिली.”